औषधाची मात्रा आणि खारपाणाचा मुलूख

घाटावरच्या बुलढाण्याहून घाटाखाली उतरले की पूर्णेच्या खोऱ्यातला जो सपाट, काळ्या मातीचा मुलूख लागतो, त्यातील शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांतल्या कित्येक गावांचे भूजल खारे असून तेथील मूत्रपिंडाच्या विकारांचे गाऱ्हाणे वर्षानुवर्षे सरकारदरबारी मांडले जात आहे, ही गोष्ट वाचकांना नवी नाही. परंतु हृदयाचे ठोके अनियमित पडणाऱ्या रुग्णाच्या गोळ्यांशी या गाऱ्हाण्याचा निकटचा संबंध पोहोचतो, याकडे मात्र म्हणावे तसे लक्ष गेलेले दिसत नाही.

अशा रुग्णांना दिल्या जाणाऱ्या औषधांत डिगॉक्सिन हे जुने आणि स्वस्त औषध. ते ज्या डिजिटॅलिस कुळातल्या वनस्पतींपासून मिळते, त्यांतल्या एकीच्या गुणधर्मांवर विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्याने १७८५ साली जो ग्रंथ लिहिला, त्यात औषध केव्हा द्यावे याइतकाच ते केव्हा थांबवावे याचाही विचार त्याने आग्रहाने केला होता. कारण गुण देणारी मात्रा आणि अपाय करणारी मात्रा यांतले अंतर येथे अतिशय अल्प असते. आपल्या परसातल्या कण्हेरीचे विषही याच जातीचे. डिगॉक्सिन शरीराबाहेर पडते ते मुख्यत्वे मूत्रपिंडावाटे, आणि मूत्रपिंड क्षीण झाले म्हणजे कालपर्यंत मानवणारी तीच गोळी अंगात साठत जाते. घाटावरच्या मेहकरातल्या माणसाला लागू पडलेली मात्रा त्याच वयाच्या, त्याच वजनाच्या संग्रामपूरच्या माणसाला जाचक होऊ शकते ती अशी. त्यातून सूज उतरावी म्हणून दिलेल्या लघवीच्या गोळीने रक्तातले पोटॅशियम घटले, की धोका आणखी वाढतो. अन्नावरची वासना उडते, मळमळते, नाडी मंदावते, क्वचित दृष्टीला सारे पिवळसर भासू लागते; आणि घरची मंडळी ‘पित्त झालं असंल’ म्हणून सोडा पाजतात.

बाजाराच्या दिवशी एखाद्या मेडिकलच्या फळीपाशी घटकाभर उभे राहावे. चिठ्ठी चौघडी पडून विरलेली, पैसे आठ दिवसांच्या गोळ्यांपुरते. तेव्हा दुकानदार पट्टी कात्रीने कापतो आणि औषधाचे नाव व मुदतीची तारीख बहुधा दुकानात राहिलेल्या तुकड्यावर जाते. डिगॉक्सिनची गोळी आठवड्यातून पाचच दिवस घ्यावी असे आपल्याकडचे पुष्कळ डॉक्टर लिहून देतात, पण तोंडी परंपरेने घरी पोहोचेपर्यंत त्या सूचनेचे काय होईल याचा नेम नसतो, आणि चुकलेल्या दिवसाची भरपाई म्हणून दोन गोळ्या एकदम घेणारेही भेटतात.

अशाच रुग्णांना रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिल्या जाणाऱ्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळीची कथा याहून नाजूक. उंदरांच्या विषाच्या रूपाने बाजारात आलेले वॉरफरिन १९५४ पासून माणसांसाठी वापरात आले, आणि बालपणीच्या ऱ्हुमॅटिक तापाने हृदयाची झडप आकुंचित झालेल्या रुग्णांत नव्या औषधांपेक्षा याच वर्गातले जुने औषध आजही उजवे ठरते. मात्र या गोळीवर आयएनआर या रक्तचाचणीचा पहारा हवा. बहुतेक रुग्णांत तो आकडा दोन ते तीनच्या दरम्यान राखावा लागतो. कापूस वेचून गुडघे दुखले म्हणून परस्पर घेतलेली वेदनाशामक गोळी येथे पोटात रक्तस्राव घडवू शकते. पालेभाज्यांनी या गोळीचा जोर कमी होतो, म्हणून मेथी-पालक सोडण्याचे कारण नाही, फक्त आज पातेलेभर आणि मग महिनाभर नाही असे करू नये. ठोके नियमित करणारे अमिओडॅरोन सोबत चालू असेल तर वॉरफरिन आणि डिगॉक्सिन या दोहोंचा जोर वाढतो; शिवाय ते बंद केल्यावरही त्याचा अंमल कित्येक आठवडे, कधी महिनेही उतरत नाही आणि थायरॉइडवर नजर ठेवावी लागते ती निराळीच. अर्थात हे वाचून कोणी आपली गोळी आपल्या मनाने सोडू नये. ठोक्यांची गती आवरणारी मेटोप्रोलॉलसारखी औषधे अकस्मात तोडल्यानेही हृदय बिघडते.

रुग्ण अडाणी, म्हणून औषध चुकते, हा सुशिक्षितांचा लाडका निर्वाळा मला मान्य नाही. ज्या औषधाची मात्रा रक्ताच्या चाचणीवाचून ठरत नाही, ते औषध देऊन चाचणीची तजवीज रुग्णाच्या नशिबावर सोडणे, हा अर्धा उपचार होय. मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि आयएनआर या तीन चाचण्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात, जेथे गोळी मिळते तेथेच आणि तिच्याच फेरीत झाल्या पाहिजेत. प्रारंभ खारपाणातल्या तालुक्यांपासून व्हावा. आणि चिठ्ठीला जोडून मराठीत, ठळक अक्षरांत एक कागद द्यावा: कोणती गोळी कोणत्या वारी, कोणत्या लक्षणांवर तत्काळ यायचे, उपवासाच्या दिवशी काय करायचे, आणि शेगावहून पालखीबरोबर पंढरपूरला पायी निघण्यापूर्वी कोणती चाचणी करून घ्यायची. तो इंग्रजीत लिहून भागणार नाही, कारण वाचून दाखवणारी व्यक्ती बहुधा आठवीतली नात असते.