रौफ लाला कुठून आला?

२०१२ चा 'अग्निपथ' आमच्या लोहाऱ्यातल्या पोरांना आवडला, मलाही आवडला. लपवायचं कशाला? १९९० च्या सिनेमापेक्षा हा जास्त काळवंडलेला, घामेजलेला, रक्ताळलेला. लोक म्हणतात, हाच खरेपणा. माझं भांडण या शब्दाशी आहे.

नव्या सिनेमातून मिथुनचा कृष्णन अय्यर गेला आणि रौफ लाला आला. डोळ्यांत सुरमा आणि धंदा कोवळ्या मुलींच्या लिलावाचा. मूळ कथेत हा माणूस नव्हताच. मग खरेपणा वाढवताना मोहल्लाच का आठवला?

मित्र म्हणतात, "अरे, कांचाही गीता बोलतो की!" बरोबर. पण कांचाला पाहून कुणी गीता वाचणाऱ्या शेजाऱ्यावर संशय घेत नाही. घेऊही नये. आमचे मामू मात्र दर जुम्म्याला सुरमा घालतात, आणि सिनेमा आल्यावर पोरं त्यांना 'लाला' म्हणून हाक मारू लागली. गंमतच होती. मामू हसलेही. पण पुढच्या जुम्म्याला सुरमेदाणी कपाटातच राहिली.

ऋषी कपूरनं काम झकास केलं, म्हणून तर जास्त बोचतं. सिनेमा बंद करा असं मी म्हणत नाही. आवडीनं पाहा. फक्त त्याला खरेपणा म्हणू नका.