लॅम्प जपा, आणि त्याचे तासही खरे सांगा

होम थिएटरसाठी प्रोजेक्टर घेणाऱ्याला पडदा किती मोठा होईल, चित्र किती उजळ पडेल, हे दुकानात सांगितले जाते. लॅम्पविषयी मात्र सहसा कोणी बोलत नाही. पुढे चित्र मंद पडते, नव्या लॅम्पची किंमत ऐकून ग्राहक हादरतो आणि बोल दुकानदाराला लागतो. प्रोजेक्टरची विक्री, दुरुस्ती किंवा भाड्याने देण्याचे काम करणाऱ्या बांधवांनी याचा विचार केला पाहिजे.

आता लेझर आणि एलईडीचे प्रोजेक्टर आले आहेत. त्यांच्या प्रकाशाचे आयुष्य २०,००० तासांच्या घरात सांगितले जाते. तरीही लॅम्पवर चालणारी यंत्रे घरांत, क्लासेसमध्ये व जुन्या मालाच्या बाजारात आहेतच. या लॅम्पमध्ये क्वार्ट्झची लहानशी नळी असते व तिच्यात पारा असतो. लॅम्प पेटला की पाऱ्याची वाफ होते, आतला दाब बाहेरच्या हवेच्या सुमारे २०० पट होतो आणि नळी सुमारे १,००० अंशांपर्यंत तापते. आयुष्य साधारण २,००० ते ४,००० तास, इको मोडवर त्याहून अधिक.

लॅम्पचे मुख्य शत्रू दोन : साचलेली उष्णता आणि वारंवार चालू-बंद. प्रत्येक वेळी पेटताना आतील टंगस्टनचे कण उडून नळी काळी पडत जाते. म्हणून दहा-पंधरा मिनिटांसाठी यंत्र बंद करू नये. बंद केल्यावर पंखा थांबेपर्यंत प्लग काढू नये. कार्यक्रम संपताच गरम यंत्र पिशवीत कोंबण्याची भाड्याच्या धंद्यातील सवय सोडावी. हवेची जाळी नियमित साफ करावी. धूळ जास्त असेल तेथे महिन्यातून एकदा तरी. यंत्र बंद कपाटात किंवा भिंतीला चिकटवून ठेवू नये. वीज अचानक जाते तेथे लहान यूपीएस लावला तर पंख्याला लॅम्प थंड करण्यास वेळ मिळतो. खोलीत अंधार असेल तर इको मोड पुरतो. नवा लॅम्प बसवताना काचेला बोट लागू देऊ नये. बोटाचा तेलकटपणा तेथे जळून काच कमजोर होते.

हिशेब सोपा आहे. समजा, लॅम्प ८,००० रुपयांचा आहे. तो २,००० तास चालला तर तासाला ४ रुपये पडतात, ४,००० तास चालला तर २ रुपये. भाड्याने देणाऱ्याचा नफा येथेच वाचतो किंवा बुडतो. शिवाय इस्लामने उधळपट्टी नापसंत केली आहे, आणि निष्काळजीपणाने वस्तू अकाली खराब करणे ही उधळपट्टीच होय.

मात्र काटकसरीलाही मर्यादा असते. तास भरल्यावरही लॅम्प ओढत राहिले तर तो आतच फुटू शकतो. फुटल्यास खिडक्या उघडून खोलीबाहेर जावे, कारण आत पारा आहे. जुना लॅम्पही कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावा.

आता मुख्य मुद्दा. लॅम्प किती तास चालला हे यंत्र स्वतः मोजते. लॅम्प बदलल्यावर हा आकडा शून्य करायचा असतो. परंतु लॅम्प न बदलता केवळ आकडा शून्य करून जुने यंत्र ‘कमी वापरलेले’ म्हणून विकण्याचा मोह होतो. मूळ घरात स्वस्त नकली बल्ब बसवून अस्सल लॅम्पचे पैसे घेणे हाही त्याच जातीचा प्रकार. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले निघाले. लोकांना दिसेल असे ते वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. पुसलेला आकडा हे आजचे ओले धान्य आहे.

आमच्या मते प्रत्येक दुकानदाराने बिलावर लॅम्पचे तास, बदलल्याची तारीख आणि लॅम्प अस्सल की दुसऱ्या बनावटीचा, हे लिहून द्यावे. निगेच्या चार सूचनाही सोबत द्याव्यात. यामुळे एखादा लॅम्प कमी विकला जाईल, पण ग्राहक पुन्हा त्याच दुकानात येईल. बरकत अशाच कमाईत असते.