बांधावरचा तरवड

सातबारा उताऱ्यावर 'पोटखराबा' म्हणून जें क्षेत्र लिहिलेलें असतें, तें निरुपयोगीच आहे अशी आमच्या पुष्कळ शेतकरी बंधूंची समजूत आहे. आमच्या मतें ती बरोबर नाहीं. १८३६ सालीं इंदापूर तालुक्यांत मोजणीची जी पद्धति सुरू झाली, तिचा हेतु सारा ठरविणें हा होता. लागवडीस अयोग्य म्हणून ज्यावर सारा बसविला नाहीं, तो पोटखराबा. तेथें आपोआप उगवणाऱ्या वनस्पतीचा हिशेब दप्तरांत नाहीं. पण तेवढ्यानें तिची किंमत शून्य ठरत नाहीं.

पिवळ्या फुलांच्या तरवडाचेंच उदाहरण घ्या. मुरमाड जमीन व थोडा पाऊस यांवर हें झुडूप वर्षानुवर्षें टिकतें. जनावरें त्यास सहसा तोंड लावीत नाहींत, आणि तोडलें तरी तें पुन्हां फुटतें. म्हणून बांधाची माती धरून ठेवण्यास बिनखर्चाचा दुसरा असा रखवालदार मिळणें कठीण. त्याची साल कातडीं कमावण्यास पूर्वीं मोठ्या प्रमाणांत जात असे.

याहूनही महत्त्वाची गोष्ट त्याच्या फुलांत आहे. त्याचे परागकोश टोकाशीं बारीक छिद्रानें उघडतात. मोठा काळा भुंगा फुलास बिलगून अंग थरथरवितो, तेव्हांच पराग बाहेर पडतो. वांग्याच्या फुलाचीही रचना अशीच असून आपल्या मधमाशीस ही युक्ति साधत नाहीं. वांग्यास फूल नसतें त्या दिवसांत या भुंग्यानें काय खावें? बांधावरचे तरवड आम्हीच उपटले, तर फळधारणा कमी झाल्याचा दोष बियाण्यास देणें न्यायाचें होणार नाहीं.

तरवड चराऊ रानांत माजतो, असा एक आक्षेप आहे, व तो खरा आहे. परंतु जनावरें गवत खाऊन तरवड ठेवतात, म्हणून तो माजतो. मूळ दोष अति चराईचा. तेथें तो विरळ करावा, व रानास कांहीं काळ चराईबंदी करावी. बांधावर व खडकाळ कोपऱ्यांत मात्र त्यास हात लावूं नये.

नवरात्रांत घटावर माळ घालण्यासाठीं हींच फुलें आमच्या घरोघरीं शोधलीं जातात. शेजारच्या तेलंगण राज्यानें तर २०१४ सालीं तरवडास राज्यपुष्पाचा मान दिला. यंदा बांध कोरण्यासाठीं यंत्र लावण्यापूर्वीं प्रत्येकानें आपल्या बांधावर एकदां फिरून तेथें काय उभें आहे तें पाहावें, एवढीच आमची विनंति आहे.