'बाय' कुठं गेला?

इंग्रजीच्या पेपरात पॅसिव्ह व्हॉइस मार्कापुरता येतो आणि पोरं तो घोकून सोडवतात. कर्म उचला, पुढं आणा. काळ बघून 'बी'चं रूप लावा : इज, वॉज, इज बीइंग, हॅज बीन, विल बी. क्रियापदाचं तिसरं रूप ठेवा. कर्त्याला मागं ढकला, त्याच्याआधी 'बाय'. झालं. मग सर सांगतात, 'बाय'चं शेपूट नको असेल तर तोडून टाका, वाक्य बरोबरच राहतं.

माझं भांडण ह्या शेवटच्या परवानगीशी आहे.

अलिबागला मी रात्रीच्या वर्गात इंग्रजी शिकवतो. कोळीवाड्यातली पोरं, बौद्धवाड्यातली पोरं. शाळेत त्यांना सांगितलेलं असतं, पॅसिव्ह म्हंजे आपला कर्मणी प्रयोग. साफ चूक. 'सावकाराने जमीन गिळली' घ्या. क्रियापद जमिनीमागं चालतं, म्हणून मराठीत हा कर्मणी. पण सावकार कुठं लपलाय? पहिल्याच शब्दात 'ने' लावून उभा आहे साला! इंग्रजीत हे वाक्य सरळ ॲक्टिव्ह होतं : द मनीलेंडर ग्रॅब्ड द लँड. आपल्या कर्मणीत चोर समोरच असतो. त्याला दडवायचं तर वेगळी सोय करावी लागते : 'जमीन गिळली गेली', 'जमीन ताब्यात घेण्यात आली'. 'सावकाराकडून जमीन गिळली गेली' हे 'कडून'वालं वळण तर इंग्रजी पॅसिव्हवरून आलं, असं शाळेतलं व्याकरणच सांगतं. साहेब गेला, कचेरी राहिली, आणि कचेरीत सगळं आपोआप 'करण्यात येतं'.

आता आपला जिल्हा घ्या. तेव्हाचा कुलाबा, मुख्य कचेरी अलिबागलाच. 1981 पासून रायगड. 1923 साली मुंबईच्या कायदेमंडळात बोल्यांचा ठराव झाला : सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा अस्पृश्यांना वापरू द्याव्यात. 1924 साली महाडच्या नगरपालिकेनं तळं सगळ्यांना मोकळं केलं. म्हंजे मोकळं 'करण्यात आलं'. कुणी प्यालं? चवदार तळं तिथंच, ठराव तिथंच, पाणी तिथंच, आणि आपली माणसं तहानलेली. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब पायऱ्या उतरले, ओंजळ भरली, प्याले. मागनं हजारो प्याले. तीन वर्षं लोंबकळणाऱ्या पॅसिव्ह ठरावाला त्या दिवशी कर्ता मिळाला. त्यानंतर सवर्णांनी आपल्या लोकांना मारलं. हे असंच लिहायचं. 'सत्याग्रहींना मारहाण झाली' असं कुठल्या पुस्तकात दिसलं तर पेन्सिल काढा.

दोन कर्मांच्या क्रियापदांचा नियमही इथंच शिकून घ्या. 'गिव्ह'ला दोन कर्मं, म्हणून पॅसिव्हही दोन : लँड वॉज गिव्हन टु टेनंट्स, किंवा टेनंट्स वर गिव्हन लँड. दोन्ही व्याकरणात बसतात, आणि दोन्ही ऐकताना वाटतं कुणी दाता वर बसून वाटत होता. आपल्याच तालुक्यातल्या चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या मागं उभं राहून 1933 ते 1939 शेतं पिकवली नाहीत. सहा वर्षं पोटाला चिमटा. बाबासाहेबांनी 1937 साली खोतीविरुद्ध विधेयक मांडलं, खोती संपवणारा कायदा 1949 चा. ह्यात 'गिव्हन' कुठं बसतं ते सांगा.

आणि आपली नावं तरी बघा. बहिष्कृत : बाहेर टाकलेला. डिप्रेस्ड : दाबलेला. शेड्यूल्ड : यादीत घातलेला. दलित : चिरडलेला. सगळी कर्मणी रूपं, शेपूट तुटलेली. अस्पृश्य तर कळस, 'शिवू नये असा'. कुणी शिवू नये? शब्द बोलत नाही. दलित हे नाव आपण होऊन घेतलं त्यात मला मोठी ताकद दिसते, कारण हा शब्द ऐकणाऱ्याला विचारायला लावतो : कुणी चिरडलं?

म्हणून पॅसिव्ह फेकून द्या असं मी म्हणत नाही. 'डाय'ला कर्म नाही, म्हणून त्याला पॅसिव्हही नाही. गटारात उतरवलेला माणूस पेपरात नुसता 'डाइड' असतो, तिथं विचारायला जागाच उरत नाही. 'वॉज किल्ड' लिहिलं की निदान 'बाय'ची खुर्ची रिकामी दिसते. मेलेल्याचं नाव आधी यावं म्हणूनही पॅसिव्ह कामाचा. घटनेचं 17 वं कलम पॅसिव्हमध्येच आहे : इज अबॉलिश्ड, इज फॉरबिडन. तिथं कर्ता न सांगणं मला पटतं. भटजी असो, सरपंच असो, हाटेलवाला असो, मनाई सगळ्यांना. आणि नष्ट कुणी केली हे विचाराल तर सरनाम्याचा पहिलाच शब्द वाचा : 'वुई'. कर्ता तिथं आधीच बसवून ठेवलाय.

पण पोलीस ठाण्यात घटनेचं व्याकरण चालवू नका. 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं 3 रं कलम 'हूएव्हर'नं सुरू होतं. जो कोणी, आणि तोही अनुसूचित जाती-जमातीचा नसलेला. कायदा पहिल्या दमात कर्ता मागतो. आणि आपली पोरं घाबरून लिहून देतात, 'शिवीगाळ करण्यात आली', 'घर जाळण्यात आलं'. असला कागद आरोपीच्या वकिलाला आयताच मिळतो. माहीत असेल ते सगळं घाला : कुणी केली, नाव, आडनाव, जात, सोबत कोण होतं. खरंच ओळखला नसेल तर 'अनोळखी माणसानं' लिहा, पण माणूस लिहा. लिहून घेणारा हवालदार आपल्या सवयीनं 'करण्यात आली' वळवेल. तक्रार वाचून दाखवणं त्याच्यावर बंधनकारक आहे, नक्कल फुकट देणंही. ऐका, वाक्य बदलून घ्या, मग सही करा.