मंजूर नकाशातील रस्ता कोणाचा?

शहराच्या कडेची शेतजमीन एन. ए. होते, तिचे प्लॉट पडतात, ले-आऊट मंजूर होतो आणि नकाशावर ९ मीटरचा रस्ता दाखविला जातो. त्यावर बारीक अक्षरांत लिहिलेले असते, 'खासगी रस्ता'. हे दोन शब्द आपले कार्यकर्ते वाचत नाहीत. पाच-सात वर्षांनी तेथे लोखंडी गेट बसते आणि मागच्या वस्तीतल्या माणसाला वॉचमन विचारतो, कोणाकडे निघालात? मग मोर्चा, निवेदन, पोलीस स्टेशन. तोवर वेळ निघून गेलेली असते.

मागची वस्ती बहुतेक वेळा आपलीच का असते, हे सांगायला नको. गावकुसाबाहेर आपल्याला ठेवले ते गावाने. शहर वाढले तेव्हा वस्तीभोवतीच्या शेतांच्या सोसायट्या झाल्या आणि बांधावरून जाणारी पिढ्यान्‌पिढ्यांची वाट कंपाऊंडच्या आत गेली. सातबारावर ती वाट कधी नव्हतीच.

अशा वेळी लोक तहसीलदाराकडे धावतात. परंतु जमीन महसूल संहितेचे कलम १४३ आणि १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा हे प्रामुख्याने शेताच्या वाटेसाठी आहेत, वस्तीच्या नव्हे. उरते दिवाणी कोर्ट. तेथे १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम १५ प्रमाणे २० वर्षांची हक्काने केलेली, अखंड वहिवाट सिद्ध करावी लागते आणि वाट अडविल्यापासून दोन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. समोरचा वकील एकच म्हणतो, 'आम्ही माणुसकी म्हणून जाऊ देत होतो.' परवानगीची वाट हक्काची होत नाही. आपण ज्याला उपकार समजून हात जोडले, तोच आपल्याविरुद्धचा पुरावा होतो!

'खासगी' हा शब्द आपल्याला नवा नाही. महाडच्या सत्याग्रहानंतर डिसेंबर १९२७ मध्ये सनातन्यांनी दावा लावला, तेव्हा चवदार तळे खासगी आहे हाच त्यांचा एक मुद्दा होता. बाबासाहेब तो दावा दहा वर्षे लढले आणि १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टात जिंकले. पुढे संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये विहिरी, तलाव यांच्या जोडीला रस्तेही आले. पण कोणते? राज्याच्या निधीतून राखलेले किंवा जनतेच्या वापरासाठी समर्पित केलेले. 'खासगी' शिक्का मारला की अनुच्छेदाच्या कक्षेबाहेर पडायची वाट मोकळी.

१९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याचे कलम ४ अधिक व्यापक आहे. इतर लोकांना किंवा त्यांच्यातील एखाद्या गटाला जी वाट वापरता येते, ती अस्पृश्यतेच्या कारणावरून अडविणे हा गुन्हा आहे. त्याचा जरूर वापर करावा. मात्र गुन्हा नोंदवून ड्रेनेजची लाईन येत नाही, ॲम्ब्युलन्सही येत नाही. त्यासाठी रस्ता सार्वजनिक व्हावा लागतो.

सोसायटीवाले म्हणतात, डांबर आमच्या पैशाने पडले, दिवे आमचे. यात तथ्य आहे. पालिका कर घेते आणि अंतर्गत रस्ता मालकांच्या गळ्यात मारून मोकळी होते. मग पालिकेने तो ताब्यात घ्यावा. मुंबई महापालिका कायद्यात कलम ३०५ खाली खासगी रस्ता नीट करायला लावण्याची आणि ३०६ खाली तो सार्वजनिक जाहीर करण्याची तरतूद १८८८ पासून आहे. (आपल्यातले काही जण आता गेटच्या आत राहतात आणि त्यांनाही गेट हवेसे वाटते, हेही येथे नोंदवून ठेवतो.)

खरी जागा मंजुरीच्या टेबलावर आहे. मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागाला लागू असलेल्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत ले-आऊट मंजूर करताना शेजारच्या जमिनींतील रस्त्यांशी समन्वय साधणे आवश्यक ठरविले आहे. म्हणजे वस्तीचा रस्ता नव्या रस्त्याला जोडा, ही मागणी भीक नाही, नियम आहे. वस्तीच्या शेजारी मोजणीचे दगड दिसले की त्याच आठवड्यात नगररचना विभागाला लेखी हरकत द्या, पोच घ्या. दहा रुपयांच्या माहिती अधिकार अर्जाने मंजूर नकाशा आणि मंजुरीच्या अटी मिळवा. रस्त्याची जागा सातबाऱ्यावर किंवा प्रॉपर्टी कार्डावर अजून मूळ मालकाच्याच नावे असेल, तर ती पालिकेच्या नावे करण्याचा अर्ज गेट बसण्यापूर्वी द्या.