उत्सवकाळातील अध्यशन आणि आपले औषधालय

पावस हे एरवी स्वामी स्वरूपानंदांच्या समाधिस्थानासाठी ओळखले जाणारे गाव. पण भाद्रपद लागला की येथील घरे मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांनी भरून जातात. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागल्यापासून हे येणे सुकर झाले आणि सोबत येणारे मिठाईचे खोकेही वाढले. विसर्जनानंतर हीच मंडळी आमच्या औषधालयाची पायरी चढतात. मागणी ठरलेली असते: पोट साफ करणारे चूर्ण आणि वजन उतरविणारा गुग्गुळ. आम्हीही अनेक वर्षे दोन्ही बांधून दिले, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. त्या आठवड्याचा गल्ला जड असतो, हेही लपविण्यात अर्थ नाही.

मात्र निदानपरिवर्जनाला चिकित्सेत अग्रस्थान देणाऱ्या आपण वैद्यांनी हेतू घडून जाईपर्यंत गप्प बसावे आणि नंतर पुड्या बांधाव्यात, हे कितपत योग्य?

रुग्ण सारा दोष मोदकावर ढकलतो. आम्हांस ते मान्य नाही. उकडीचा मोदक गुरु, स्निग्ध व मधुर आहे आणि वर्षा ऋतूतील मंद अग्नीला तो जड जातो, हे खरे. परंतु जुन्या आचारात तो एकटा येत नसे. आदल्या दिवशी हरितालिकेचा उपवास आणि दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमीची तेल-मसाल्याविना शिजविलेली अळू, भोपळा, भेंडी, कणसे यांची भाजी, अशी योजना होती. (उपवास मात्र स्त्रियांनी करायचा, पुरुषमंडळी मोदकापुरतीच धार्मिक!)

खरे बिघडते ते रात्री. आरती-भजनासाठी एका रात्रीत चार-पाच घरे होतात आणि प्रत्येक घरी चहा, उसळ, भजी, फरसाण, खव्याचे मोदक पुढे येतात. दुपारचे अन्न जिरलेले नसताना त्यावर हे पडते. चरकाचार्यांनी ग्रहणीचिकित्सेत सांगितलेले अध्यशन ते हेच. जागरण झाल्यावर दुसऱ्या दिवशी जेवून दिवास्वाप ओघाने येतोच. सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात अतिस्थौल्याच्या हेतूंमध्ये दिवास्वाप, अव्यायाम यांच्यासह हर्षनित्यत्व व अचिंतन यांचीही गणना आहे. सुट्टीचे याहून नेमके वर्णन आम्हांस ठाऊक नाही.

‘दहा दिवसांनी काय होते?’ असे रुग्ण विचारतात. सन २००० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतील १९५ प्रौढांची सणासुदीच्या काळातील पाहणी प्रसिद्ध झाली. सरासरी वाढ अवघी ३७० ग्रॅमच्या आसपास होती. परंतु वर्षभराच्या पाठपुराव्यात ती उतरल्याचे दिसले नाही. अशा दहा सणांचा हिशेब रुग्णापुढे मांडावा.

आमचा सल्ला साधा आहे. मोदक दुपारी, भाताच्या जागी खावा, भातावर नव्हे. रात्री भजनाला जावे, टाळ वाजवावेत, पण पाण्यावर भागवावे. शुद्ध ढेकर, शरीराचा हलकेपणा, खरी भूक ही जीर्णाहाराची लक्षणे दिसेपर्यंत पुढचा घास नको. संध्याकाळी पेज किंवा आटवल पुरते. स्थूलांसाठी चरकाने सांगितलेल्या धान्यांत श्यामाक व कुलत्थ आहेत आणि कुळथाची पिठी तर कोकणात घरोघरी होते. मात्र कुळीथ उष्ण आहे. शरद जवळ येत असता पित्तप्रकृतीच्या रुग्णास तो बेतानेच द्यावा.

औषधालयचालक बंधूंना विशेष विनंती. गुग्गुळकल्प नाडी न पाहता, मधुमेह-रक्तदाबाची चौकशी न करता देऊ नयेत. शरदातील विरेचन शास्त्रसंमत आहे, परंतु ते स्नेहन-स्वेदनपूर्वक व वैद्याच्या देखरेखीखाली. काउंटरवरून नेलेले रेचक चूर्ण म्हणजे शोधन नव्हे.

गतवर्षी आम्ही चतुर्थीपूर्वीच रुग्णांना हे सांगण्यास आरंभ केला आणि विसर्जनानंतर तपासणीवाचून गुग्गुळ देणे बंद केले. काही जण रागावून दुसऱ्या दुकानी गेले, गल्ला घटला. एकेकट्याने हे निभणार नाही. जिल्ह्यातील सर्व औषधालयांनी एकच नियम पाळावा किंवा कसे, हा विषय संघटनेच्या पुढील सभेत घ्यावा, अशी आमची सूचना आहे.