झडती

माझे वडील गिरणीत होते. परळला, साचेखात्यात. गिरणीच्या गोष्टी ते पुष्कळ सांगायचे. भोंग्याच्या, बदली कामगारांच्या, बोनसच्या. एक गोष्ट मात्र त्यांनी कधीच सांगितली नाही, ती मला आईकडून कळली.

पाळी सुटली की दारावर रांग लागायची. दरवान एकेकाचे खिसे चाचपायचा, डबा उघडायला लावायचा. कोणी कापडाचा तुकडा, सुताची कांडी घेऊन तर चालला नाही ना, हे बघायला. एकदा वडिलांचा डबा गळत होता म्हणून त्यांनी त्याला खात्यातला हात पुसायचा फडका गुंडाळला होता. दरवानाने तो सगळ्या रांगेसमोर सोडला, झटकला, वर धरून दाखवला. बस्स, एवढंच. कारवाई वगैरे काही झाली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून वडिलांनी डबा न्यायचं बंद केलं. पुढे १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर आले, त्यात वडीलही होते. ते पुन्हा कधी त्या दारातून आत गेले नाहीत.

हे सगळं आत्ता का सांगतोय? कारण गेली काही वर्षं मी झडती घेण्याचं काम करतो. तेही लोअर परळला, एके काळी जिथे गिरणी होती त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत.

माझ्या कामाला डीएलपी म्हणतात. डेटा लॉस प्रिव्हेन्शन. म्हणजे कंपनीची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून दारावर बसवलेला दरवान. तुम्ही ऑफिसच्या मशीनवरून मेल पाठवता, कुठे फाईल चढवता, पेन ड्राइव्ह लावता, तेव्हा तो तुमचा डबा उघडून बघतो. ब्राउझरमध्ये कुलपाचं चित्र दिसतं म्हणून तुम्हाला वाटतं की हे माझ्यात आणि जीमेलमध्येच आहे. पुष्कळ मोठ्या ऑफिसांत तसं नसतं. मधे कंपनीचा प्रॉक्सी बसलेला असतो. तो मजकूर उलगडतो, वाचतो, पुन्हा बंद करून पुढे पाठवतो. तुमच्या मशीनवर कंपनीचं सर्टिफिकेट आधीच टाकून ठेवलेलं असतं, त्यामुळे ब्राउझर कुरकुर करत नाही. कुलूप जागच्या जागी दिसतं. किल्ली आमच्याकडेही असते, एवढंच.

यंत्रणेला काही खटकलं की माझ्या कन्सोलवर एक ओळ उमटते. वेळ, कर्मचाऱ्याचं नाव, कुठे पाठवलं, कोणता नियम, किती ठिकाणी जुळलं, तीव्रता किती. त्या ओळीला 'इन्सिडंट' म्हणतात. माझं पहिलं भांडण या शब्दाशीच आहे. इन्सिडंट म्हणजे घटना, म्हणजे काहीतरी घडलेलं असलं पाहिजे. इथे घडलेलं इतकंच असतं की एका साच्यात एक आकडा बसला. पण एकदा 'इन्सिडंट' म्हटलं की नावापुढे डाग पडतोच. मग तो डाग पुसायची जबाबदारी त्या माणसाची. आणि त्याला तर डाग पडलाय हेही माहीत नसतं!

त्या ओळीवर क्लिक केलं की मूळ मजकूर उघडतो. मी काय काय पाहिलंय सांगू? सहकाऱ्याच्या बायकोचा सोनोग्राफीचा रिपोर्ट. वकिलाला पाठवलेला घटस्फोटाचा मसुदा. मुलीच्या लग्नासाठी केलेली माहितीची पानं. गृहकर्जासाठी जोडलेल्या पगाराच्या पावत्या. दुसऱ्या कंपनीत धाडलेले अर्ज, ज्यांची खबर साहेबांच्या आधी आम्हाला लागते. यातलं काहीच कंपनीचं नव्हतं. पण प्रत्येकात पॅन नंबर होता, खाते क्रमांक होता किंवा 'गोपनीय' हा शब्द होता, म्हणून ते माझ्यासमोर उघडलं.

आता मूळ गोष्टीकडे येतो. ती सांगायला मला वर्ष लागलं.

ऑगस्ट २०२४. रांगेत शे-दीडशे इन्सिडंट तुंबलेले, महिनाअखेरीला ते 'शून्य' दाखवायचे होते. एक ओळ आली. लेखा विभागातला कंत्राटी मुलगा, एक एक्सेल फाईल, स्वतःच्या जीमेलवर, संध्याकाळी पावणेआठला. नियम : आधार क्रमांक. जुळलेले : ४७. तीव्रता : उच्च. सत्तेचाळीस माणसांचे आधार क्रमांक घरी पाठवतोय म्हणजे गडबडच आहे, असं मी म्हटलं आणि वर पाठवून दिलं. फाईल उघडली नाही. मघाशी ज्या उघडायला नको होत्या त्या उघडल्या म्हणून सांगितलं, आणि जी उघडायला हवी होती ती उघडली नाही. गंमत आहे.

त्याचा लॅपटॉप काढून घेतला, नऊ दिवस त्याला घरी बसवलं. चौकशीत फाईल उघडली तेव्हा काय निघालं? लालबागच्या एका चाळीतल्या गणेशोत्सव मंडळाचा वर्गणीचा हिशेब! हा पोरगा मंडळाचा खजिनदार. हल्ली वर्गणी यूपीआयने येते आणि यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला बारा आकडी संदर्भ क्रमांक असतो. आधारही बारा आकडी. ४८६ नोंदींमधल्या ४७ क्रमांकांना यंत्रणेने आधार ठरवलं होतं.

४७च का, हे समजून घ्या, कारण इथेच सगळी मेख आहे. आधार क्रमांक शून्य किंवा एकने सुरू होत नाही आणि त्याचा शेवटचा आकडा पडताळणीचा असतो, आधीच्या अकरा आकड्यांवरून हिशेबाने काढलेला. पडताळणीचा आकडा शून्य ते नऊ यांपैकी एकच असू शकतो. म्हणजे बारा आकड्यांच्या कुठल्याही संख्या गोळा करा, साधारण दहातली एक निव्वळ योगायोगाने पडताळणीत पास होणार. क्रेडिट कार्डाच्या क्रमांकाची पडताळणी वेगळ्या पद्धतीची असते, पण तिथेही तेच, दहात एक. तेव्हा ४८६ मध्ये ४७ हे चोरीचं नाही, अंकगणिताचं लक्षण होतं. खरे आधार क्रमांक असते तर ४८६ च्या ४८६ जुळले असते. हे मला तेव्हाही माहीत होतं. माहीत असून मी थांबलो नाही, कारण माझ्या कन्सोलवर '४७' दिसत होतं, '४८६ पैकी' दिसत नव्हतं. आणि मी विचारलंही नाही.

तो सुटला. 'फॉल्स पॉझिटिव्ह' असा शिक्का मारून मीच तो इन्सिडंट बंद केला. मार्च २०२५ मध्ये त्याचं कंत्राट संपलं आणि पुढे वाढवलं नाही. कारण काही दिलं नाही, द्यावं लागतही नाही. माझ्या त्या एका क्लिकमुळेच झालं असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. नव्हे असंही म्हणू शकत नाही.

आता लोक म्हणतील, मग काय दारं सताड उघडी ठेवायची? चोऱ्या होत नाहीत का? होतात ना. ग्राहकांची माहिती विकणारे लोक मी पकडून दिलेत आणि त्याबद्दल मला जराही वाईट वाटत नाही. तुमचा पॅन, तुमचा पत्ता कोणी चार आण्याला विकू नये म्हणून कोणीतरी दारावर बसलंच पाहिजे. पण २००५ साली पुण्यात काय झालं आठवा. सिटीबँकेच्या अमेरिकेतल्या ग्राहकांच्या खात्यांतून साडेतीन लाख डॉलरच्या आसपास पैसे गेले. कॉल सेंटरमधल्या मुलांनी फोनवर गोड बोलून ग्राहकांकडूनच पिन काढून घेतले होते. तिथे कुठली फाईल जुळणार होती? आजही ज्याला खरोखर न्यायचंय तो मोबाईल काढतो आणि स्क्रीनचा फोटो घेतो. मुरलेल्या चोराला यंत्रणा कशी चुकवायची हे ठाऊक असतं. जाळ्यात सापडतो तो बहुतेक वेळा भोळाच, कारण आपण काही लपवतोय असं त्याला वाटतच नसतं.

आणि दर महिन्याला वर जो तक्ता जातो त्यात काय असतं? किती इन्सिडंट आले, किती निकाली काढले. किती निरपराध माणसांचं खासगी आयुष्य उघडून पाहिलं, हा रकाना मी अजून कुठल्याही तक्त्यात पाहिलेला नाही.

कायदा काय म्हणतो? आपल्याकडे फोन ऐकण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सरकारला बंधनं घातली. गृहसचिवांच्या पातळीवरचा लेखी आदेश हवा, तो दोन महिन्यांपुरताच, आणि त्यावर पुनरावलोकन समिती. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं. हे सगळं मुख्यतः सरकारसाठी. कंपनीचं काय? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या सातव्या कलमात नोकरीच्या कामासाठी आणि मालकाचं नुकसान टाळण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती त्याच्या संमतीशिवाय वापरायला वाट ठेवलेली आहे. सरकारला तुमचा फोन ऐकायचा तर गृहसचिवांची सही लागते. मला तुमच्या बायकोचा रिपोर्ट बघायला माउसचं डावं बटण पुरतं. नोकरीला लागताना सतराव्या पानावर सही केलीत ना, मग झालं!

ही सही म्हणजे संमती, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा सही न करता नोकरी मिळवून दाखवावी.

मी काही फार मोठं मागत नाही. चार गोष्टी. पहिली, संशय आला की आधी त्या माणसालाच विचारा. 'या फाईलमध्ये काय आहे?' एवढा एक प्रश्न विचारला असता तर नऊ दिवस वाचले असते. चोरटा असेल आणि पुरावा नष्ट करेल अशी भीती असेल तर तसं लेखी नोंदवा आणि मग खुशाल गुपचूप तपासा, पण तो अपवाद असू दे, रिवाज नको. दुसरी, मजकूर उघडायचा तर दोघांनी मिळून, कारण लिहून. तिसरी, ज्याचा मजकूर उघडला त्याला नंतर कळवा, काही निघालं नाही तरी कळवा. चौथी, 'फॉल्स पॉझिटिव्ह'चा शिक्का मारला की तो नियम दुरुस्त करा. आमच्याकडे माणूस सुटतो आणि नियम तसाच राहतो, पुढच्या खजिनदाराची वाट बघत. आणि पडद्यावर '४७' सोबत '४८६ पैकी' लिहायला असा किती खर्च येतो?

ऑफिसात हे मांडलं. 'व्यवहार्य नाही' असं उत्तर आलं. गिरणीतही दरवानाला कोणी विचारलं असतं की सगळ्यांसमोर कशाला झटकतोस, तर त्यानेही बहुधा हेच म्हटलं असतं.

तरी एक फरक आहे आणि तो मला छळतो. त्या दरवानाला तोंड होतं. वडील त्याला ओळखत होते, मनातल्या मनात शिव्या देऊ शकत होते. झडती उघड होती, रांगेतल्या प्रत्येकाची होती आणि डबा न्यायचा की नाही हे ठरवणं त्यांच्या हातात होतं. अपमान होता, पण कोणी केला हे ठाऊक होतं. माझ्या झडतीत समोरच्याला ना रांग दिसते ना दरवान.

गेल्या वर्षी, २०२५ च्या गणपतीत मी लालबागला गेलो होतो. मोठ्या रांगेत उभं राहायचं वय राहिलं नाही, म्हणून आतल्या गल्लीतले चाळींचे गणपती बघत होतो. एका मंडपात तोच मुलगा पावत्या फाडत बसलेला. मला बघून उठला.

"सर, तुम्ही इकडे? या ना, प्रसाद घ्या."

इकडचं तिकडचं बोलणं झालं. सध्या एका दुकानात हिशेब लिहितो म्हणाला. मग हसून म्हणाला, "ऑफिसात कोणीतरी माझं नाव दिलं होतं, सर. कोण ते कळलं नाही शेवटपर्यंत. असू दे, बाप्पा बघून घेईल."

मी प्रसाद घेतला. वर्गणी दिली, यूपीआयने. त्याने बारा आकडी क्रमांक वहीत उतरवून घेतला आणि पावती माझ्या हातात ठेवली.

मी त्याला सांगितलं नाही. म्हणून इथे सांगतोय. सोपं आहे ना, इथे सांगणं? तोंड न दाखवता.

असो. तुमच्या ऑफिसात ही यंत्रणा आहे का, तिच्यात काय पकडतात आणि उघडून कोण बघतं, हे उद्या जाऊन विचारा. उत्तर द्यायला कोणी बांधील नसेल कदाचित. पण शंभर जणांनी विचारलं तर निदान दारावर कोणीतरी बसलंय एवढं तरी सगळ्यांना कळेल.